भट्टीच्या तोंडासमोरून

मिस्त्रीचे डोळे भट्टीनं खाल्ले. एका दिवसात नाही, हळूहळू. लोखंड वितळलं की नाही हे काळ्या काचेतून बघायचं असतं. पण काचेतून रंग नीट कळत नाही म्हणून हा पठ्ठ्या काच कपाळावर सरकवायचा, उघड्या डोळ्यांनी आत बघायचा आणि म्हणायचा, झालं, ओता. त्याचा अंदाज कधी चुकला नाही. फोरमन बदलले, मालकाचे मुलगे मालक झाले, पण भट्टीवर शब्द चालायचा तो मिस्त्रीचाच. मग डोळ्यांवर अशी साय धरली की माणूस आधी आवाजावरून ओळखायचा आणि मग चेहऱ्यावरून. तेव्हा त्यानं काम सोडलं. सोडलं म्हणजे थोरल्याला दिलं. ओतशाळेत रीतच तशी होती, भट्टीवरचा माणूस उतरला की त्याची जागा त्याच्याच घरात जायची.

थोरल्याला ती जागा नको होती. हे साफ सांगून टाकलेलं बरं, कारण नंतर लोकांनी काहीबाही उठवलं. त्याला ट्रकवर जायचं होतं. लायसन काढून ठेवलं होतं, एका वाहतूकवाल्याशी बोलणंही झालं होतं. मिस्त्रीनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. तयार ताटावरून उठून पोरगा भटकायला निघालाय, असं घरीदारी सांगत सुटला. थोरला भांडणारा नव्हता. काही दिवस तोंड फुगवून बसला आणि एका सकाळी मुकाट्यानं बापाबरोबर गेला. एवढंच केलं त्यानं की त्या दिवसापासून चर्चला जाणं बंद केलं. आईनं विचारलं तर म्हणाला, भट्टी बाबांची, देवही बाबांचाच, मी दोन्हीकडे कशाला जाऊ?

मिस्त्रीला ते लागलं. चर्चमध्ये त्याची मागच्या रांगेतली जागा ठरलेली होती, आणि तिथे बसून तो न्यायाच्या दिवसाचा, म्हणजे जगाच्या शेवटी देव निवाडा करील त्या दिवसाचा, उपदेश असा ऐकायचा की जणू पगाराचा दिवस सांगतायत. नेकीनं राहिलो, दारूला शिवलो नाही, कुणाच्या अध्यातमध्यात नाही, मग आपल्याला कसली धास्ती? तो दिवस येऊ दे, असंच त्याला वाटायचं.

पुढचं सांगायला जड जातं. लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड ज्यातून ओततात ते भांडं. त्याला आतून मातीचा जाड लेप असतो. लेप नवा दिला की लॅडल आगीवर धरून खडखडीत वाळवावी लागते. वरून वाळल्यासारखी दिसते, पण पोटात ओल राहिली तर लोखंड पडताक्षणी त्या ओलीची वाफ होते आणि सगळं लोखंड उसळून बाहेर येतं. त्या दिवशी मालाची घाई होती. लॅडल वरून वाळली होती. दांडा थोरल्याच्या हातात होता.

तो लगेच गेला असता तर बरं, असं त्याची आई नंतर बोलून गेली, आणि तिला कुणी दोष देऊ नये. तो हॉस्पिटलात पडून राहिला. कापूस आणि मलम यांच्यामधून एक डोळा आणि ओठ तेवढे दिसायचे. पाळक प्रार्थना करायला आला. तरुण माणूस, नुकताच मंडळीत रुजू झालेला, पुस्तक हातात धरून पलंगापाशी उभा राहिला आणि थोरल्याला म्हणाला, देवाकडे वळ, अजून वेळ आहे. थोरल्यानं तो एक डोळा बापाकडे फिरवला.

"ह्या पाळकाला बाहेर काढा," तो म्हणाला. "देवाचं नाव नको माझ्यासमोर."

त्यानंतर तो बोलला नाही. गेला.

पुढच्या रविवारी पाळकानं शेवटच्या दिवसावर उपदेश केला. मुद्दाम केला असेल असं नाही, त्या रविवारी वाचायला नेमून दिलेला भाग तोच होता म्हणे. काळा पडलेला सूर्य, टोळांच्या धाडी, पायाखाली तुडवलेली द्राक्षं, आणि शेवटी अग्नीचं सरोवर, न वळलेल्यांसाठी. लोकांनी मान डोलावली. बाकीच्यांना आग म्हणजे काय, तर शेगडीतली. मिस्त्रीला माहीत होतं लोखंडाचं पाणी होतं तेव्हा काय असतं. त्यात पडलेल्या भंगाराचं काय होतं ते त्यानं उभा जन्म उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो मागच्या रांगेत बसला होता आणि त्याला दरदरून घाम फुटला.

उपदेश संपल्यावर त्यानं पाळकाला बाजूला घेतलं आणि विचारलं, माझा थोरला तिथेच आहे का? पाळक गोंधळला. न्याय देवाच्या हाती, आपण प्रार्थना करावी, असं पुटपुटून त्यानं हात झटकले. पोरसवदा माणूस, त्यानं तरी काय सांगावं? पण मिस्त्रीच्या मनानं त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. झोप उडाली. जेवताना घास हातात धरून बसायचा. बायकोला वाटायचं, दुःख आहे. दुःख होतंच, पण त्याहून मोठी भीती होती. पोरगा मेला हे त्यानं कसंबसं गिळलं होतं. पोरगा अजून जळतोय, हे काही गळ्याखाली उतरत नव्हतं.

आणि ह्याच दिवसांत फोरमन घरी आला.

फोरमन वाईट माणूस नाही. टोपी हातात घेऊन बसला, थोरल्याबद्दल चार शब्द बोलला, मग म्हणाला, मिस्त्री, रीत मोडायची नाही. जागा तुमच्या घरची आहे. दुसरे दोघे टपून बसलेत, पण मी थांबवून धरलंय. धाकट्याला पाठवा. सोमवारी तुम्हीच घेऊन या.

धाकटा तेव्हा दारातच उभा होता. बावीस-तेवीसचा, एका कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायचा. घरात कौतुक व्हायचं ते थोरल्याचं, आणि थोरला बापाशी अबोला धरायचा तेव्हाही बापाचं लक्ष थोरल्याकडेच. धाकट्याकडे मिस्त्रीनं मान वळवून शेवटचं कधी बघितलं होतं, देव जाणे. त्या संध्याकाळी मात्र बघितलं. धाकट्याचा चेहरा असा खुलला की फोरमनही हसला.

बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आली. हात पुसले. एवढंच म्हणाली, "अहो, एक दिलाय आपण."

मिस्त्रीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बाई दुःखात आहे, बोलणारच. त्यानं फोरमनला शब्द दिला. आता ह्या माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा. मेलेला पोरगा आगीत आहे की नाही ह्या विचारानं ज्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, त्यानं जिवंत पोराचा निकाल मान हलवून लावून टाकला, आणि तेसुद्धा घरचं भलं केलं अशा समजुतीनं. त्यानंतर बायको त्याच्याशी बोलेनाशी झाली. पोळ्या समोर ठेवायची आणि आत जायची. एकदा धाकट्याजवळ म्हणाली, तू तुझ्या बापाला नाही म्हण. धाकटा म्हणाला, आई, त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलंय.

शनिवारी सकाळी मिस्त्री हिब्रूबाईंकडे गेला.

हिब्रूबाई औषधाच्या दुकानावर दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. पूर्वी पाळक तयार करणाऱ्या शाळेत हिब्रू, म्हणजे बायबलची जुनी भाषा, शिकवायच्या, म्हणून ते नाव पडलं. खरं नाव कुणाच्या लक्षातही नव्हतं, आणि त्यांना त्याचं सुखदुःख नव्हतं. वय झालेलं, गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. आजचा पाळकही त्यांच्याच हाताखालून गेलेला. मिस्त्री जिना चढून वर आला तेव्हा त्या खिडकीत बसून शेंगा सोलत होत्या. भट्टीवाले ना तुम्ही, म्हणाल्या, बसा, आणि हात रिकामे असतील तर शेंगा सोला.

मिस्त्री शेंगा सोलत बसला आणि विचारायचं ते विचारून टाकलं. आग आहे का? पाळक म्हणतात ती, शेवटच्या दिवसाची. खरी आहे का?

बाईंनी त्याला समजेल असं सांगायला सुरुवात केली. बायबलातल्या शेवटच्या पुस्तकात जे जे भयंकर आहे ना, टोळ, काळा सूर्य, तुडवलेली द्राक्षं, ते लिहिणाऱ्यानं स्वतःच्या डोक्यातून काढलेलं नाही. त्याच्या आधी शेकडो वर्षं संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, ते ओरडून गेले होते. त्यांचे टोळ खरे टोळ होते, शेतं फस्त करून गेलेले. द्राक्षं तुडवणारे गडी त्यांनी डोळ्यांनी बघितले होते, कपडे लालेलाल झालेले. आणि हे सगळं ते परक्यांना ऐकवत होते असं लोकांना वाटतं. चार शिव्या परक्यांनाही आहेत, नाही असं नाही. पण खरा राग घरच्यांवर. त्या संदेष्ट्यांतला एक मेंढपाळ होता, त्याच्या काळातली माणसं न्यायाच्या दिवसाची वाट बघत बसायची, आपलं भलं होणार म्हणून. त्यानं त्यांना सुनावलं की बाबांनो, कशाला बोलावताय त्याला? तो दिवस उजेडाचा नाही, काळोखाचा आहे. माणूस सिंहाच्या तावडीतून सुटून घरात येतो, हुश्श करून भिंतीला हात टेकतो, आणि भिंतीतला साप त्याला चावतो, तसा तो दिवस.

मिस्त्रीच्या हातातली शेंग तशीच राहिली. आपणही त्या दिवसाची वाटच बघत होतो, हे त्याला आठवलं. पण तो त्यासाठी आला नव्हता.

"आगीचं सांगा," तो म्हणाला.

आगीचं असं, बाई म्हणाल्या, की नरक म्हणून जो शब्द आपण वाचतो, तो मुळात एका जागेचं नाव आहे. त्या संदेष्ट्यांच्या शहराच्या तटाबाहेर एक खोरं होतं. जाऊन बघता येईल असं, दगडमातीचं. तिथल्या आगीमुळे ते नाव बदनाम झालं, आणि पुढे मेल्यानंतरच्या आगीलाही लोक तेच नाव देऊ लागले.

मिस्त्रीच्या छातीवरचा दगड हलला. डोळ्यांतून पाणी आलं. म्हणजे खोरंच ते? नुसतं खोरं? माझा पोरगा तिथे नाही?

"तुमच्या पोराचं मला माहीत नाही हो," बाई म्हणाल्या. आवाज नरम होता. "मी भाषा शिकवायचे. स्वर्गनरकाच्या किल्ल्या माझ्याकडे कुणी दिल्या नाहीत. त्या खोऱ्यात काय व्हायचं, ते मात्र सांगू शकते. ऐकायचंय का?"

त्यानं मान हलवली. त्याला आता सगळंच ऐकायचं होतं.

बाईंनी सांगितलं की त्या खोऱ्यात बाप आपली पोरं जाळायचे. राजे जाळायचे, त्यांचं बघून बाकीचेही. वैरानं नाही. घराचं भलं व्हावं, पीक चांगलं यावं, संकट टळावं म्हणून. सगळे करतात म्हणून. जुन्या भाषेत त्याला मारणं म्हणतच नाहीत. पोराला आगीतून पार नेणं, असं म्हणतात. बाप स्वतः घेऊन जायचा. आणि नंतरचे लोक सांगतात, खरंखोटं देव जाणे, की तिथे मोठमोठ्यानं ढोल बडवायचे, पोराचा आवाज बापाच्या कानावर पडू नये म्हणून.

मिस्त्री उठून उभा राहिला. शेंगा खाली सांडल्या.

बाईंना काय कळणार? ओतशाळेत काय चालतं ते बाहेर कुणी बोलत नाही. नवा माणूस भट्टीवर येतो तेव्हा पहिल्या दिवशी त्याला भट्टीच्या तोंडासमोरून काढतात. झाकण पूर्ण उघडतात. ज्यानं त्याला आणलं तो त्याच्या मानेवर हात ठेवतो आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्याबरोबर चालतो, सावकाश. तोंड झाकायचं नाही, मान वळवायची नाही. जो वळला त्याच्या हातात झाडू येतो आणि जन्मभर चेष्टा होते. आणि बाकीचे सगळे सळया, पहारी, हातोडे घेऊन लोखंडावर बडवत राहतात. नव्या माणसाची भीती मोडावी म्हणून बडवतात, असं जो तो सांगतो. मिस्त्रीला त्याच्या बापानं नेलं होतं. मिस्त्रीनं थोरल्याला नेलं. मधोमध आल्यावर थोरला काहीतरी म्हणाला होता. ओठ हलताना दिसले होते. बडवण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही, आणि मिस्त्रीनं त्याची मान आणखी घट्ट धरली. घरी येऊन बायकोला छाती फुगवून सांगितलं की पोरगा वाघ आहे.

"मग संदेष्टे काय म्हणाले?" त्यानं विचारलं.

"एक संदेष्टा थोरामोठ्यांना घेऊन त्या खोऱ्याच्या तोंडाशी गेला. मातीचं मडकं फोडलं त्यांच्यासमोर. म्हणाला, असं होणार तुमचं. आणि देवाचं म्हणून त्यानं जे सांगितलं, ते शिकवताना माझा आवाज दर वर्षी बसायचा. हे मी कधी सांगितलं नव्हतं, देव म्हणतो. माझ्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं."

"आणि पोरांना? पोरांना काय शिक्षा?"

"पोरांना?" बाईंनी त्याच्याकडे नवलानं बघितलं. "अहो, पोरांना एक शब्द नाही. सगळा राग बापांवर आहे."

मिस्त्री दाराकडे वळला. जिना उतरताना त्याला भिंत धरावी लागली. इतके दिवस तो थोरल्यासाठी घाबरत होता, आणि आग त्याच्या स्वतःच्या दाराशी उभी होती. हे लखलखीत कळलं तेव्हा त्याला खरं तर हायसं वाटलं. माणसाचं मन किती विचित्र असतं बघा. थोरला सुटला असं त्याला वाटलं, आणि आपण अडकलो ह्याचं त्या क्षणी काहीच वाटलं नाही. मग धाकटा आठवला. सोमवार. अजून वेळ आहे, तो मोठ्यानं म्हणाला. रस्त्यावरच्या एका बाईनं वळून बघितलं. घरी जायचं, बायकोसमोर बसायचं, सांगायचं की तुझं खरं होतं. धाकट्याला सांगायचं की दुकानात गठ्ठे उचल, नाहीतर ट्रकवर जा, हवं ते कर. फोरमनला दिलेला शब्द मोडायचा. मोडला तर मोडला. त्यानं जन्मात शब्द मोडला नव्हता, आणि आता तो मोडायला निघाला होता तर पाय कसे भराभर पडत होते.

बायको दारातच उभी होती. चप्पल घातलेली, पण निघालेली नाही.

"गेला," ती म्हणाली.

फोरमननं माणूस पाठवला होता. भट्टीवर हात कमी पडले होते, सोमवारपर्यंत थांबता येईना. तिनं धाकट्याला सांगितलं, बाबांना येऊ दे. तो म्हणाला, बाबांनी शब्द दिलाय, मी मागे राहिलो तर त्यांची मान खाली जाईल. आणि कपडे बदलून गेला.

"मी आणतो त्याला," मिस्त्री म्हणाला.

ती नुसती बघत राहिली, आणि त्याला ते बघणं सहन झालं नाही. तो धावत सुटला. धावायचं वय नव्हतं, रस्ता नीट दिसत नव्हता. दोनदा आपटला. ओतशाळेच्या फाटकापाशी आला तेव्हा आतून बडवण्याचा आवाज येत होता.

पहारेकरी त्याला ओळखत होता, हसून म्हणाला, मिस्त्री, तुमचाच चाललाय. मिस्त्री आत शिरला. उजेडाचा एक मोठा लाल डाग दिसत होता आणि त्याच्यासमोरून दोन काळ्या आकृत्या चालत होत्या. एकाचा हात दुसऱ्याच्या मानेवर. मिस्त्री ओरडला. काय ओरडला ते त्यालाही ऐकू आलं नाही. माणसं बडवत होती, जीव तोडून बडवत होती, कारण भट्टीवरच्या मिस्त्रीचा पोरगा होता आणि मेलेल्याचा भाऊ होता, त्याचा मान मोठा होता. दोन्ही आकृत्या दुसऱ्या टोकाला पोचल्या. झाकण पडलं. बडवणं थांबलं आणि सगळे एकदम हसायला, पाठी थोपटायला लागले.

धाकटा गर्दीतून त्याच्याकडे आला. अगदी जवळ आल्यावर मिस्त्रीला त्याचा चेहरा दिसला. भुवया करपल्या होत्या. गालांवरची कातडी ताणून चकचकीत झाली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

"बाबा," तो म्हणाला, "मी हललो नाही. विचारा कुणालाही. दादा मध्ये थांबला होता म्हणे. मी थांबलोसुद्धा नाही."

मिस्त्रीनं त्याचं मनगट धरलं. "घरी चल. आत्ता. हे काम करायचं नाही."

धाकट्याला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक होतेय. त्यानं आजूबाजूला बघितलं. सगळे बघत होते. त्याचं हसू हळूहळू उतरलं. "बाबा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आता कसं येऊ? आता मी पार झालोय." आणि त्यानं बापाचं एकेक बोट सोडवलं, हळूच, त्याला लागू नये अशा बेतानं.

पलीकडून फोरमननं हाक मारली. लोखंड तयार होतं. धाकट्यानं लॅडलचा दांडा उचलला. लॅडल नवी लेपलेली होती की जुनी, ओली होती की वाळलेली, हे मिस्त्रीला त्या डोळ्यांनी दिसेना. वाळलीय का, त्यानं विचारलं. दोनदा विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही.

"मिस्त्री, बाजूला व्हा," फोरमन म्हणाला. "ओतायचंय."

भट्टीवर हा शब्द कानावर पडला की पाय आपोआप मागे जातात. इतक्या वर्षांत ते मुरलेलं असतं. मिस्त्री बाजूला झाला.